डावा बांध

रखमा डावखुरी. त्यामुळे भात कापताना ती खाचराच्या डाव्या बांधाला लागायची, नीला उजव्या, आणि कापत कापत दोघी मधे भेटायच्या. आधी पोचलेली दुसरीला चिडवायची. आज नीलाचं शेत, उद्या रखमाचं, अशी ही सावड चाळीस वर्षं चालली. पैशाची भाषा तिच्यात कधी आली नाही.

मग हायवे चौपदरी झाला. पोलादपूरजवळची नीलाची रस्त्याकडची जमीन गेली, मोबदला आला. त्यातून तिनं गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टरांनी वाकायला मना केलं, म्हणून यंदा रखमाच्या कापणीला तिनं आपल्या बदली मजुरीच्या दोन बाया धाडल्या. एकीच्या जागी दोन. तिला वाटलं, आपण चांगलंच केलं. 

दुसऱ्या दिवशी सावड फेडायला रखमा नीलाच्या उरलेल्या शेतावर आली आणि त्याच बायांबरोबर दिवसभर राबली. संध्याकाळी नीला मजुरी वाटू लागली. रखमाच्या मुलाची, शुभमची, महाडची नोकरी सुटल्याचं तिला ठाऊक होतं. आपण पैसे देऊन माणसं पाठवायची आणि हिनं फुकट राबायचं, हे तिच्या मनाला लागलं. तिनं चारशे रुपये रखमाच्याही हातावर ठेवले.

"काय गो हे?"

"ठेव गो. तुला नको का?"

रखमानं नोटांकडे पाहिलं, मग बायांकडे. पैसे पदराच्या टोकाला बांधले आणि गेली. नीलाला हायसं वाटलं.

सकाळी रखमा नेहमीसारखी मागच्या दारानं चुलीपाशी आली नाही. अंगणात बायांच्या शेजारी बसली.

"कुठनं लागायचं, नीलाताई?"

"ताई कोणाला म्हणतेस गो? थट्टा करतेस?"

"थट्टा नाय. काल मजुरी घेतली. गरज हाय म्हणून घेतली. मग हाकपण तशीच मारायला नको?"

"आत ये, चहा तरी घे."

"सगळ्यांना द्याल तेव्हा घेईन."

नीलानं वळचणीचा विळा काढला. बायांना खालच्या खाचरात पाठवलं आणि स्वतः वरच्या खाचरात उजव्या बांधाला फतकल मारून बसली. बसल्या बसल्या सरकत कापू लागली. गुडघा ठणकत होता. डावीकडून रखमाचा विळा सरसर येत होता.

रखमा मध्यावर आली. नीलाच्या बाजूचं भात अजून उभंच होतं. एरवी टोमणे मारत तिनं तेही कापून टाकलं असतं. आज तिनं कंबर सरळ केली, विळ्याची माती पुसली.

"इथवर झालं, नीलाताई," ती म्हणाली आणि बायांकडे खाली उतरली.

नीलाला जमिनीवरून उठता येईना. हाक मारली असती तर रखमा आली असती, कामाच्या बाईसारखी, लगबगीनं. नीलानं हाक मारली नाही.