जिनातली समाधी

धामणगाव बढ्यात पुंजाजीसारखा दम कोंडणारा दुसरा माणूस नव्हता. रोज सकाळी नाक दाबून ते ओट्यावर बसत आणि साठ मोजून होईपर्यंत श्वास सोडत नसत. या साधनेपायीच महाशिवरात्रीच्या पालखीचा पहिला खांदा बारा वर्षं त्यांचा होता. महाराष्ट्र झाला, जिल्हा परिषद आली, खांदा काही हलला नाही.

हलला तो उकंडरावमुळे. हा जाड मानेचा गडी कापसाच्या जिनात कामाला होता. तिथं कापसाचे बारीक तंतू इतके उडायचे की माणसं पिठात लोळल्यासारखी दिसत. भाकर खाल्ली की दुपारी उकंडराव तिथंच सरकीच्या ढिगावर आडवा व्हायचा आणि यंत्रानं लाजावं असा घोरायचा. मधेच एकदम गप्प. छाती हलत नाही, नाक वाजत नाही. मग एक मोठा हिसका, की गाडी पुन्हा सुरू. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या बायकोनं, सोजराबाईनं, गळाच काढला होता. पुढच्या वेळी तुळशीराम पुजाऱ्यानं मोजलं. बत्तीस भरले.

"जागेपणी कोनीबी दम कोंडीन," तुळशीराम म्हणाला. "झोपेत कोंडनं म्हंजे समाधी हाय."

दुसऱ्या दिवसापासून जिनात दर्शनाला रांग लागली आणि पंचांनी पालखीचा पहिला खांदा उकंडरावला देऊन टाकला.

पुंजाजींच्या पोटात आग्यामोहोळ उठलं. नाक आपण दाबायचं आणि मान या ढेरपोट्यानं खायचा? बरंच जळून झाल्यावर त्यांना सुचलं, की पुण्याई माणसाची नाहीच, जागेची आहे. आपल्या कापसावर नजर ठेवायचं निमित्त करून तेही रोज दुपारी जिनात घोंगडी टाकू लागले. बायको मनकर्णाबाई म्हणाली, "बैल सरकी खातो तरी. तुमी निसते लोळता."

इकडे भक्तांना वाटलं, महाराजांनी यंत्रांच्या खडखडाटात कशाला राहावं? त्यांनी उकंडरावला उचलून महादेवाच्या देवळात, निंबाखाली आणून ठेवलं. तिथं हवा मोकळी, धूळ ना तंतू. आठ दिवसांत घोरणं उतरलं आणि श्वास लेकरासारखा चालू लागला. मोजायला बसलेले जांभया देत उठून गेले. तेवढ्यात देवीची लस टोचायला मोताळ्याचे डॉक्टर आले. ते म्हणाले, हा आजार आहे. तंतूंनी नाक-घसा सुजतो, त्यात मान जाड, निजलं की नळी मिटते. एखाद्या दिवशी उघडायची नाही. याला जिनात परत पाठवू नका.

आता खांदा परत येणार म्हणून पुंजाजींनी पेढे सांगितले. पण तुळशीरामनं देवळात जाहीर केलं, "सिद्धी तं कोनालेबी मिळते. मिळालेली सोडते थो खरा संत." खांदा उकंडरावचाच राहिला.

शिवरात्रीला पुंजाजी देवळाच्या खांबाला टेकून पालखीकडे खाऊ की गिळू असे पाहत बसले होते. तीन आठवडे जिनात लोळून नाक चोंदलेलं, झोप तुटलेली, दिवसभर डोळे मिटत. तिथंच ते घोरू लागले आणि मधेच गप्प झाले. अखेर समाधी लागली. पण आता मोजतो कोण? आजार गावाला पाठ झाला होता. कोणीतरी गदागदा हलवलं, कोणी डॉक्टरकडे न्यायला बैलगाडी जुंपली. वाटेत दम अडकला तर हलवायला जाणता माणूस हवा, म्हणून उकंडराव पालखी सोडून गाडीत बसला. खांदा तिसऱ्याच कोणी दिला.

मोताळ्याच्या वाटेवर रानातला गार वारा सुटला होता. कोसभर गेले नाहीत तोच उकंडराव कडब्यावर कलंडला आणि झोपला. घोरणं नाही, अडकणं नाही. पोट आपलं सावकाश वर-खाली. पुंजाजी तोंडानं श्वास ओढत तारवटल्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहत राहिले. अशी झोप त्यांना महिन्याभरात मिळाली नव्हती. पालखी गेली चुलीत. त्यांनी उकंडरावच्या बरगडीत कोपर मारलं.

"काय झालं, दादा?"

"काई नाही बे. तुहा दम चालू हाय का, पाह्यलं."

उकंडरावनं हात जोडले आणि कूस बदलली. वाटेतला नाला येईपर्यंत पुंजाजींनी कोपरानं ते आणखी चारदा पाहिलं.