बारावं स्टूल

१ लातूर नवा जिल्हा झाला, त्यानंतरच्या दुष्काळातली गोष्ट. टँकर उस्मानाबादला मागितला तर ते लातूरकडे बोट दाखवत; लातूरला मागितला तर साहेबांची खुर्चीच अजून यायची होती. २ आणि त्याच आठवड्यात उदगीरजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती मंडळीचे पाळक शांतवन यांचा पाय धुण्याचा विधी आला. ३ शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण. बारा स्टुलं, बारा माणसं, प्रत्येकाला एका शिष्याचं नाव.

४ अडचण पाण्याची नव्हती. अडचण यहूदाची होती, शिष्यांची पैशाची थैली सांभाळणारा, आणि येशूलाच शत्रूंच्या हाती धरून देणारा तो. गेल्या वर्षी त्याच्या स्टुलावर मारोती शिंपी बसला, तर गावाने त्याला वर्षभर यहूदा शिंपी करून टाकलं. यंदा मारोतीला सकाळीच ताप आला.

५ "अकरा जणांवर भागवा," पाळकांच्या पत्नी सुवार्ताबाई म्हणाल्या. "तेवढंच पाणी वाचंल." घरात एकच घागर होती. अर्धी विधीला, अर्धी उद्याच्या स्वयंपाकाला, असा नवरा-बायकोत करार.

"प्रभूनं त्याचेही पाय धुतले होते. मी कोण वगळणारा?" असं म्हणून पाळक समोरच्या किराणा दुकानात गेले.

६ दुकान गुरुबसप्पाचं. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि रोजच्या चहाला सोबत पाळकांची.

"आप्पा, एक माणूस कमी पडायलाय. नुसतं बसायचं."

"कोण म्हणून?"

पाळकांनी घसा खाकरला. "शिष्यांचा… खजिनदार."

"मग ते माझंच काम हाय की!"

७ (हे सातवं वचन पाळक परत रस्ता ओलांडताना मनातल्या मनात बोलले. त्यात बरीचशी माफी होती.)

८ संध्याकाळी प्रार्थनाघरात अकरा जणांचे पाय परातीत काटकसरीने धुऊन झाले. पाळक बाराव्या स्टुलापुढे वाकले, तसे आप्पाने दोन्ही पाय वर ओढून घेतले.

"हे काय करायलाव? आमच्यात गुरू, म्हणजे जंगमस्वामी आले की आम्ही त्यांचे पाय धुतो, ते पाणी तीर्थ म्हणून घेतो. गुरूनं चेल्याचे पाय धुवायचे? न्हाई! माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे न्हाईत."

मग पेत्राच्या स्टुलावरून केरबा ओरडला, "पाळकसाहेब, हे माझं वाक्य हाय!"

खरंच होतं. शुभवर्तमानात पेत्र हेच म्हणतो. केरबाने आठवडाभर पाठ केलेलं, आणि पायाला गार पाणी लागताच तो सुखाने विसरून गेलेला.

"यहूदानं पेत्राचं बोलायचं न्हाई," तो म्हणाला.

"यहूदा कोण?" आप्पाने विचारलं.

केरबाने सांगितलं. येशूला धरून देताना घेतलेल्या चुंबनापर्यंत सगळं सांगितलं.

९ आप्पा उठला. चपला घातल्या. गेला.

"पुस्तकातबी तो असाच उठून जातो," केरबा हळूच म्हणाला.

"तोंड मिट रे," सुवार्ताबाई म्हणाल्या.

पाळक पंचा हातात घेऊन गुडघ्यांवरच राहिले. शेजाऱ्याला खोटं सांगून शिष्य केलं होतं. उद्या त्या दुकानाची पायरी कोणत्या तोंडाने चढायची?

१० हे वचन रिकामं आहे.

११ "सरका, सरका!" दारात आप्पा, खांद्यावर दुकानातली भरलेली घागर. "पाळकसाहेब, बसा त्या स्टुलावर."

"आप्पा, ते यहूदाचं…"

"म्हणूनच बसा. खोटं कोण बोललं?"

पाळक मुकाट्याने बसले. आप्पा खाली मांडी घालून बसला. "आधी आमच्या रीतीनं तुमचे. मग तुमच्या रीतीनं माझे." त्याने पाळकांचा पाय धरला. पाळकांनी तो झटकन मागे घेतला.

"न्हाई आप्पा! तुम्ही माझे पाय धुवायचे न्हाईत!"

"पाळकसाहेब," केरबा रडकुंडीला आला, "पुन्हा माझंच वाक्य!"

"धुऊ देणार नसाल," आप्पा म्हणाला, "तर तुमचा-माझा संबंध संपला."

१२ पुस्तकात हे वाक्य येशूचं, आणि यापुढचं उत्तर पुन्हा पेत्राचंच, हे पाळकांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी नुसता पाय परातीत ठेवला.

१३ सुवार्ताबाईंनी उद्याच्या स्वयंपाकाची आपली उरलेली अर्धी घागर कोणाचं लक्ष नाहीसं बघून घरी नेली.