नळीमहाराज आणि खजुराची बी

पत्र्याच्या त्या जुन्या गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. मागचे पुढच्यांना रेटत होते, पुढचे मागच्यांवर खेकसत होते, आणि सगळ्यांचे डोळे मधल्या स्टुलावर बसलेल्या आठ वर्षांच्या पोरीकडे लागले होते. पोरगी मान मागे टाकून बसली होती. तिच्या गळ्याला बाहेरून पितळी नळीचं एक टोक टेकवलेलं, आणि दुसरं टोक नळीमहाराजांच्या तोंडात. महाराजांनी डोळे मिटले, जोरात श्वास ओढला आणि पुढ्यातल्या वाडग्यात थुंकले. टण्ण!

"बी! बी निघाली!"

खजुराची बी. ना रक्त, ना जखम, गळ्याच्या कातडीतून थेट वाडग्यात. बायाबापड्यांनी हात जोडले. एका म्हाताऱ्याला तर रडूच फुटलं.

पोरीचे वडील बाजूलाच उभे होते. गाडी चालवायला शिकवण्याचा त्यांचा धंदा, म्हणून त्यांना सगळे मास्तरच म्हणत. पोरगी गोडाला लागायची, म्हणून घरात तिला मुंगी म्हणत. म्हणजे पूर्वी लागायची. खजूर खाताना बी घशात अडकली, मुंगीचा जीव कासावीस झाला, ती खोकली, ओकली, आणि त्या गडबडीत बी बाहेर पडली की पोटात गेली हे कुणीच पाहिलं नाही. त्या दिवसापासून तिच्या घशाखाली घास उतरेना. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, घसा स्वच्छ. पण मुंगीचं एकच पालुपद, "आत आहे. मला लागते." मग घरात मिक्सर सुरू झाला. पोळी मिक्सरमध्ये, भात मिक्सरमध्ये, वर ते गाळणीतून गाळून. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथे ताकसुद्धा गाळून जात होतं. पोरीच्या फ्रॉकचे खांदे आता कोपरापर्यंत घसरत होते, आणि मास्तरांना झोप लागत नव्हती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, त्यांना नळीचा मिळाला.

"बी निघाली, पण मूळ आत आहे!" महाराज गर्दीला सांगत होते. "डॉक्टरचं यंत्र मांस बघतं, ही नळी भय बघते! पोरीला कडक काही देऊ नका. कडक खाल्लं की मूळ चिडतं, आणि चिडलं की पुन्हा बी धरतं. पुढच्या आठवड्यात घेऊन या."

मूळ चिडतं हे वनस्पतिशास्त्राला अजून कळलेलं नाही. पण गर्दीला पटलं. मास्तरांनाही पटलं, कारण पहिल्या वेळी बी निघाल्यावर मुंगीने त्याच संध्याकाळी अर्धं बिस्किट खाल्लं होतं. दुसऱ्या दिवशी घसा पुन्हा बंद. तेव्हापासून दर आठवड्याला एक बी, आणि बीमागे अर्धं बिस्किट.

मास्तरांकडे त्या दिवसांत एक डॉक्टरीणबाई गाडी शिकत होत्या. मनाच्या आजारांच्या डॉक्टर, पण रस्त्यावर ट्रक दिसला की त्यांचीच पाचावर धारण बसायची. एकदा ट्रकने त्यांची रिक्षा घासली होती. अशा शिकाऊ मंडळींसाठी मास्तरांची ठरलेली पद्धत होती. आधी बंद गाडीत नुसतं स्टिअरिंग धरून बसायचं. मग इंजिन सुरू. मग मोकळं मैदान, मग गल्ली, मग हमरस्ता. मास्तरांच्या पायाशी त्यांचा स्वतःचा वेगळा ब्रेक होता. शेवटच्या दिवशी मात्र ते दोन्ही पाय वर घेऊन सीटवर चक्क मांडी घालून बसत. मास्तरांनी मांडी घातली म्हणजे आपण शिकलो, असं सगळे समजत.

"मास्तर, आज तुमचं लक्ष नाही," डॉक्टरीणबाई मैदानात गोल गोल फिरताना म्हणाल्या.

मास्तरांनी सगळं सांगून टाकलं.

"पहिल्याच दिवशी बी निघाली म्हणता. मग दुसरी कुठून आली?"

"त्याचं काय आहे, मूळ..." म्हणता म्हणता मास्तरांना स्वतःचेच शब्द कसेसे वाटले.

"बरं, नळी लावायच्या आधी महाराज काय करतात?"

"मौन धरतात. दारावर एक बाई विचारते, काय अडकलंय. ती आत महाराजांना पाण्याचा पेला नेऊन देते. मग मौन."

"एरवी कमी बोलतात का?"

"छे! एरवी तोंडाला खीळ नाही."

"मग नेमकं तेव्हाच कसं गप्प बसवतं?"

मास्तरांचा पाय खाड्‌कन ब्रेकवर गेला. गाडी मैदानाच्या मधोमध थांबली, आणि डॉक्टरीणबाईंनी किंचाळून स्टिअरिंगला मिठी मारली.

पुढच्या आठवड्यात मास्तर बायकोला आणि मुंगीला घेऊन गोदामात गेले. दारावरच्या बाईने विचारलं तेव्हा म्हणाले, "आज मलाच दाखवायचंय. शर्टाचं बटण गिळलंय. पांढरं." पेला आत गेला. महाराज घटाघटा पाणी प्यायले, गंभीर झाले, आणि मौन धरून त्यांनी नळी उचलली.

"महाराज," स्टुलावरून मास्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आधी एक सांगतो. मी बटण गिळलेलंच नाही. माझी सगळी बटणं जागच्या जागी आहेत, ही बघा. आता तुम्ही जरा तोंड उघडून दाखवा."

महाराज बोलेनात. डोळ्यांनी धमकावत राहिले.

"काहीतरी बोला की महाराज," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "नुसतं हो म्हणा."

"मौन आहे त्यांचं!" दारावरची बाई ओरडली.

"गाल बघा, गाल!" म्हातारा म्हणाला. तोच तो, गेल्या खेपेला रडलेला.

महाराजांनी मग कुठल्याही लबाडाने केलं असतं तेच केलं. पुरावा गिळायला गेले. आणि बटण अडकलं! महाराजांचे डोळे पांढरे झाले, ते पुढ्यातल्या टेबलावर हात आपटत खोकू लागले, खोकता खोकता वाकले, आणि पांढरं बटण सुटून वाडग्यात पडलं. टण्ण! पेल्यातून बटण तोंडात, तोंडातून वाडग्यात, आणि मध्ये नळी नुसती मिरवायला. एवढाच तो चमत्कार. गोदामात आधी हशा पिकला, मग शिव्या. मास्तरांची छाती फुगली. ते वळून लेकीकडे बघायला गेले.

मुंगी पांढरीफटक पडली होती.

"बाबा," ती म्हणाली, "मग माझी बी आतच आहे?"

मास्तरांनी तिला उचललं आणि घरी आणलं. त्या संध्याकाळी अर्धं बिस्किटही बंद झालं. दुसऱ्या दिवशी गाळलेली पेजही ती थुंकून टाकू लागली. पाण्याचा घोटसुद्धा हात गळ्याला लावून घ्यायची. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय!

"कशाला उघडं पाडलंत त्याला?" बायको रडत म्हणाली. "लबाड तर लबाड! त्याच्याकडून आली की पोर काहीतरी खायची तरी. तुमचं खरं तिच्या पोटात जातंय का?"

हे मात्र खरं होतं, आणि ते मास्तरांना फार लागलं. दुसऱ्यांचं खोटं उघडं पाडणं सोपं असतं. त्या खोट्याने धरून ठेवलेली जागा रिकामी झाली की तिथे काय ठेवायचं, हा पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. ते तडक दोघींना घेऊन डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेले आणि दारातच म्हणाले, "बाई, मी घोळ करून बसलोय."

डॉक्टरीणबाईंनी आधी मुंगीला तपासून घेतलं, वजन केलं, घशाच्या डॉक्टरांशी बोलून खात्री केली. मग तिला समोर बसवून सांगितलं, "बी आत नाही. पण हे मी सांगून तुला पटणार नाही, ते तुझ्या घशालाच पटायला हवं. आणि घशाला कान नसतात. त्याला करूनच दाखवावं लागतं."

मग त्या मास्तरांकडे वळल्या. "मला हमरस्त्याची भीती वाटते म्हणून तुम्ही मला घरी बसवलंत का? आधी मैदानात नेलंत, मग गल्लीत. इथेही तसंच. आधी पातळ पेज, मग घट्ट, मग केळं, मग पाव, मग बिस्किट. प्रत्येक पायरीवर तिला भीती वाटेल. वाटू द्या. पळून न जाता बसली तर ती भीती हळूहळू ओसरते, हे तिला स्वतः बघू द्या. महाराजांनी काय केलं? कडक खाऊ नको म्हणाले. तुम्ही मिक्सर लावलात. जे टाळलं ते आणखी भयंकर वाटायला लागलं, आणि टाळल्यावर जी सुटका वाटली तिचं श्रेय महाराजांनी घेतलं."

"म्हणजे आम्हीच..." बायको म्हणाली.

"मायेने केलंत. पण ब्रेक तो ब्रेकच."

घरी मिक्सर माळ्यावर गेला. पुढचे दिवस सोपे नव्हते, कुणी सोपे होते म्हणेल तर ती थाप समजा. केळ्याच्या एका फोडीसाठी अख्खी दुपार जायची. मुंगी रडायची, ताट ढकलायची, "लागतेय, लागतेय" म्हणायची. आई "हळू गं, नीट चाव, पाणी घे" म्हणायला तोंड उघडायची आणि पदर तोंडात कोंबायची. मास्तर समोर बसून हसरा चेहरा ठेवायचे.

एकदा मुंगी म्हणाली, "बाबा, तुमचा पाय."

मास्तरांनी टेबलाखाली पाहिलं. लेकीने घास उचलला की त्यांचा उजवा पाय फरशीवर जोर देऊन दाबला जात होता. तिथे ब्रेक नव्हता, तरी ते दाबत होते. त्यांना एकदम हसू आलं आणि मग डोळेही भरून आले. त्यांनी दोन्ही पाय वर घेतले आणि खुर्चीवर मांडी घातली. मुंगीला मांडीचा अर्थ माहीत होता. तिने पाव तोडला, चावला, बराच वेळ चावला आणि गिळला.

पावानंतर बिस्किट आलं, बिस्किटानंतर सफरचंद. मधे दोनदा गाडी मागे गेली, पुन्हा पुढे आली. डॉक्टरीणबाईही तिकडे ट्रकच्या शेजारून जायला शिकल्या. आणि एका सकाळी मुंगीने स्वतःच डबा काढला आणि म्हणाली, "आज खजूर. बीसकट."

आईच्या हातातला चमचा खाली पडला. मास्तरांनी खुर्चीवर मांडी घातली, पण त्यांच्या तळहातांना घाम फुटला होता.

मुंगीने खजूर तोंडात टाकला. चावला. आणि तिला ठसका लागला.

आई धावली. मास्तरांनी तिचा हात धरला. "थांब. खोकतेय, म्हणजे वारा जातोय. घसा त्याचं काम करतोय. डॉक्टर काय म्हणाल्या होत्या?" सांगून झालं तरी त्यांनी हात सोडला नाही. मुंगी खोकली, लाल झाली, पुन्हा खोकली, डोळे पुसले. तिने आईकडे पाहिलं, मग मांडी घालून बसलेल्या बाबांकडे. आणि राहिलेला घास चावायला लागली.

"महाराजांचं बटणसुद्धा असंच आलं होतं बाहेर," ती भरल्या तोंडाने म्हणाली. "खोकून."

भीतीचं दुकान मांडणारे जागोजाग आहेत. कुणाच्या हातात नळी असते, कुणाच्या हातात दोरा. त्यांना ओळखायची खूण एकच. ते तुम्हाला तुमच्या भीतीपासून लांब ठेवतात आणि पुन्हा यायला सांगतात. त्यांना प्रश्न विचारा, तोंड उघडायला लावा. पण तेवढ्यावर थांबू नका. घाबरलेल्या माणसाचा हात धरा, जाणकार डॉक्टरकडे न्या, आणि त्याला त्याच्या भीतीसमोर बसायला वेळ द्या. चमत्कारापेक्षा याला वेळ लागतो. पण हे टिकतं.

मुंगीने गिळलं. मग जिभेने पुढे आणून बी दोन बोटांत धरली, नीट पुसली आणि मास्तरांच्या ओल्या तळहातावर ठेवली.

"घ्या बाबा," ती म्हणाली. "ही खरी."