अर्धा पडदा

पाळकाने वॉर्डातल्या खाटेभोवतीच्या पडद्याला हात घातला आणि दांडीवरच्या लोखंडी कड्या करकरल्या. समोरच्या खाटेवरच्या हेडबाईंनी ताबडतोब भिंतीकडे तोंड फिरवलं.

"आला पडदेवाला," त्या भिंतीला म्हणाल्या. "आज कुणाचा नंबर?"

"बाई, माझी बायको आहे ही."

"मग तर तिला जपा."

बायकोने चादरीखालून हात बाहेर काढला. "अहो, राहू द्या तो पडदा. आधीच वारा नाही."

पडदा अर्ध्यावर सोडून पाळक स्टुलावर बसला. स्टुलाचा एक पाय आखूड होता, जरा हललं की डुगडुगायचं. त्याला तिच्याशी चार शब्द एकांतात बोलायचे होते. शर्टाच्या खिशात चर्चच्या कमिटीला लिहिलेलं राजीनाम्याचं पत्र होतं आणि ते तिला अजून माहीत नव्हतं.

हेडबाई पस्तीस वर्षं शाळा चालवून निवृत्त झालेल्या. कंबरेचं हाड मोडून महिनाभर इथे पडून होत्या. पडदेवाला हे नाव त्यांनीच ठेवलेलं, आणि ते ठेवायला त्यांना फार डोकं चालवावं लागलं नव्हतं. सिस्टरचा निरोप आला की पाळक यायचा, खाटेभोवती पडदा ओढायचा, आत हळू आवाजात प्रार्थना करायचा. दोन दिवसांत ती खाट रिकामी व्हायची. गेल्या दोन वर्षांत अकरा जणी. आता तो दारात दिसला की वॉर्डातल्या बायका डोक्यावरून चादर ओढून घ्यायच्या.

"सिस्टर तुम्हाला बोलावते कधी? डॉक्टरांनी हात टेकल्यावर," असं बायको घरी म्हणायची. पहिल्या दहा जणींच्या वेळी तेवढ्यावर त्याचं भागलं. अकरावी मात्र तान्ह्या मुलाची आई होती. तिचा ताप उतरला होता, सोमवारी घरी सोडणार होते. निघायच्या आधी एकदा प्रार्थना करा, असं तिने स्वतःच सांगितलं. त्याने शनिवारी केली. रविवारी तो व्यासपीठावर उभा होता, तेव्हा इथे तिच्या खाटेवरची चादर काढत होते. त्या दिवसापासून त्याच्या तोंडून प्रार्थनेचे शब्द यायचे, पण त्याचं मन त्यांच्यामागे जायचं नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी त्याने कारखान्यात ऐन पाळीत लेथ बंद केला आणि फोरमनला सांगितलं, मला देवाचं पाचारण झालंय. फोरमन म्हणाला होता, "नीट ऐकलंस ना? की मशीनचाच आवाज होता?" सगळे हसले होते, तोही. हल्ली तो प्रश्न पहाटे जाग आली की आठवायचा आणि हसू यायचं नाही. पत्रातलं एकच वाक्य त्याने चार वेळा खोडून लिहिलं होतं: मला पाचारण झालं आहे, असं मला वाटलं होतं.

"उद्या आठला ऑपरेशनला नेणार आहेत," बायको म्हणाली. "उघडल्यावरच कळेल म्हणतात, गाठ कसली ते. प्रार्थना करा."

तो फरशीकडे बघत राहिला.

"अहो."

"नाही करणार."

"का?"

"तू बारावी होशील."

"बारावी? मी तर सातवी नापास."

भिंतीकडून खोकल्यासारखा आवाज आला. पाळकाला हसू आलं नाही.

"थट्टा नको. ज्यांच्यावर हात ठेवला त्यातली एकही उठली नाही. पांढऱ्या पायाचा आहे मी. आणि ज्याने बोलावलं तो त्यानंतर एकदा तरी बोललाय का माझ्याशी? एकोणीस वर्षांत? तुझ्या शिवणावर घर चाललं. काय दिलं मी तुला?"

त्याचा आवाज चढला होता. शेजारच्या खाटेवरची बाई चादर खाली करून बघू लागली. बायकोने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. सुई धरून धरून बोटांची टोकं खडबडीत झालेली. हात थंडगार होता.

"बरं करा असं कुठे म्हणतेय मी?" ती म्हणाली. "मला भीती वाटतेय. तेवढं त्याला सांगा. मला सांगता येत नाहीये."

तो उठू की बसू अशा बेतात असताना स्टूल पुन्हा डुगडुगलं.

"किती हलताय तुम्ही."

"मी नाही. पाय आखूड आहे याचा."

त्याने खिसा चाचपला. दुसरा कागद नव्हता. पत्राची अजून एक घडी घातली, मग अजून एक, आणि वाकून ती आखूड पायाखाली सरकवली. हाताने दाबून बघितलं. स्टूल स्थिर बसलं.

"काय होतं ते?"

"कागद."

तिने फरशीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

सवयीने त्याचा हात पडद्याकडे गेला. मग त्याने तो मागे घेऊन तिच्या कपाळावर ठेवला. तयार असलेली वाक्यं एकामागून एक आठवली आणि त्याने ती एकामागून एक सोडून दिली.

"बापा," तो म्हणाला. "हिला भीती वाटतेय. मलाही वाटतेय. तू ऐकतोयस की नाही, ते मला आज कळत नाही. दुसऱ्या कुणाला सांगू, तेही कळत नाही. म्हणून तुलाच सांगतोय."

वॉर्डात कुणी हललं नाही. आमेन म्हणायचं तो विसरला.

समोर खाट कुरकुरली. हेडबाई दोन्ही हातांनी खाटेची कड धरून, ओठ आवळून, इंचाइंचाने या कुशीवर वळत होत्या. वळून झाल्यावर त्यांनी श्वास घेतला.

"इकडे काही ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या. "जरा मोठ्याने. शेवटच्या बाकापर्यंत पोचायला हवं."

पाळकाने बायकोकडे पाहिलं. तिने डोळे न उघडता हातानेच जा म्हणून खूण केली.

स्टूल उचलून तो दोन्ही खाटांच्या मध्ये आला. कागद मागे फरशीवरच राहिला. नव्या जागी स्टूल पुन्हा डुगडुगायला लागलं. तो तसाच बसला आणि त्याने पहिल्यापासून सुरुवात केली.