देवी अर्ध्या बोटावर का थांबली?

अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर रविवारी पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी मात्र कुंडं रिकामी होती आणि सगळी माणसं थोड्या अंतरावरच्या एका मांडवात घुसली होती. सासूबाईंचे गुडघे शेकायला म्हणून आम्ही भिवंडीहून आलो होतो, पण त्या गुडघे विसरून माझ्यापुढे पळत होत्या.

मांडवात केसरीनाथ महाराज माइक घेऊन उभे होते. शेजारी पाटावर विशीतली एक मुलगी, बायडी. तिचा उजवा हात गरम पाण्याच्या पातेल्यात मनगटापर्यंत बुडवून ठेवला होता.

"तुमची आमची बोटं पाण्यात राहिली की म्हातारी होतात," महाराजांनी तिचा हात वर धरला. "हिची बघा. सुरकुती न्हाय. हिच्या हातात देवी हाय, काळसुद्धा हिला शिवत न्हाय. आता अग्नीलाच विचारू."

त्यांनी हात पुसून तिच्या तर्जनीच्या आणि मधल्या बोटाच्या टोकावर कापूर ठेवला आणि पेटवला. बायडी त्या ज्योतींकडे अशी बघत होती, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा आहे. लोक वाकले. सासूबाईंनीही हात जोडले.

मी हाताची सर्जन आहे. तुटलेले मज्जातंतू सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्यानं जोडणं हे माझं काम. त्यामुळे बाकीच्यांना देवी दिसली तिथे मला आजारी हात दिसला. मी पुढे झाले आणि फुंकर मारून कापूर विझवला.

"ताई, हा अपमान हाय," महाराज म्हणाले.

"एक शंका आहे. कापूर करंगळीवर का नाही ठेवत?"

"शंका हाच तर माणसाचा रोग. जागा देवीनं नेमून दिलीय."

मग मी बायडीलाच विचारलं. "करंगळीवर का नाही ठेवत ग?"

"तिथं भाजतं, बाय," ती सरळ म्हणाली. तिला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

मी तिचा हात सासूबाईंपुढे धरला. करंगळी पाण्यानं चांगली सुरकुतली होती. अनामिकेची करंगळीकडची बाजूही सुरकुतलेली, पण त्याच बोटाची दुसरी बाजू गुळगुळीत. मधलं बोट, तर्जनी, अंगठा, सगळी गुळगुळीत. "देवी अर्ध्या बोटावर का थांबली, सांगा," मी म्हटलं. सासूबाईंनी डोळे बारीक करून दोनदा पाहिलं.

बायडीच्या मनगटावर लाल दोऱ्याचा जाड गंडा होता. तो सरकवला, तर खाली आडवा व्रण.

"हे कशानं?"

"वळ गावच्या गोदामात खोके फोडताना कटर लागला," तिचा बाप बुधा मागून बोलला. "डाक्तरनी टाके घातले, जखम भरली. बोटं मातर झोपली ती झोपलीच. म्हनून महाराजांकडं आनली."

"कातडी शिवली गेली, आतला तंतू तुटलेलाच राहिला," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "तो अंगठ्यापासून अर्ध्या अनामिकेपर्यंत जातो. करंगळीकडचा तंतू वेगळा, तो शाबूत आहे. पाण्यात बोटं सुरकुततात तीसुद्धा तंतूंमुळे. तंतू तुटला की सुरकुती पडत नाही, घाम येत नाही आणि चटका कळत नाही. कळत नाही, पण बसतो." मी तर्जनीवरची कापराची काजळी पुसली. टोक काळं पडून आत पू झाला होता. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

मला संताप आला तो त्या गंड्याचा. बरोबर व्रणावर बांधला होता. म्हणजे महाराजांना सगळं ठाऊक होतं.

"डाक्टर लोकांना जिथंतिथं नसाच दिसतात," महाराज माइकवर म्हणाले. "कोप झाला तर माझ्याकडं येऊ नका." बऱ्याच माना हलल्या.

"जोडता येल काय?" बुधानं हळूच विचारलं.

"येईल. टोकं आता लांब गेली असतील. पायातली एक कमी गरजेची नस काढून मधली तूट भरावी लागेल. हे हल्ली चांगलं जमतं. पण जितका उशीर, तितकं कमी जमतं."

बायडी माझ्याकडे बघत होती. "गोदामवाल्यांनी मना कामावरनं काढली. हितं लोक पाया पडतात. नस तुटली म्हनल्यावर कोन पडंल?"

"कुणी नाही पडणार," मी म्हटलं. याहून गोड काही बोलणं मला जमलं नाही.

"आन जोडली तर?"

"जमली, तर पोळल्यावर दुखेल."

ती काळं बोट डाव्या हातात धरून बसून राहिली. "भाकर भाजताना वास येतो," ती म्हणाली, "मंग मना समजतं का बोट जळतंय." मग ती पाटावरून उठली. बुधा महाराजांकडे बघत घुटमळला आणि तिच्यामागे निघाला.

तर्जनीचं टोक वाचलं नाही. तंतू मी जोडला. तो फार सावकाश वाढतो. कित्येक महिने बायडी तपासणीला यायची, डोळे मिटून हात पुढे करायची आणि सुई टोचलेली तिला कळायची नाही. एकदा तिनं मधलं बोट झटकन मागे घेतलं. "लागलं," ती म्हणाली आणि रडायला लागली. बुधाही रडला. अंगठा अजून अर्धवट आहे. तो पूर्ण येईल असं मी तिला सांगत नाही.

महाराजांचा मांडव उठला, तो दुसऱ्या गावात लागला म्हणतात. तिथे एका माणसाच्या तळव्यात खिळा घुसला तरी त्याला कळत नाही, म्हणून लोक त्याचे पाय धुतात. त्याला काय झालंय ते मला अजून माहीत नाही. पुढच्या आठवड्यात मी तिकडे जाणार आहे. पण माझ्या जाण्याची वाट बघू नका. तुमच्या घरात कुणाला चटका जाणवत नसेल, पायातली चप्पल निसटल्याचं कळत नसेल, तर नारळ राहू द्या, आधी त्याला दवाखान्यात न्या. न दुखणारं अंग म्हणजे वरदान नव्हे. ते आजारी आहे, आणि ते स्वतः ओरडू शकत नाही.