चेंडू हलायच्या आधी

परदेशातल्या ग्लेन वेव्हर्ली या उपनगरात टिपणीसांच्या घरात गेले आठ महिने पोळ्यांवरून भांडण चाललं होतं. आता तुम्ही म्हणाल, त्यात नवल काय? नवल असं, की त्याआधीची दहा वर्षंही त्या घरात पोळ्यांवरूनच भांडण व्हायचं, फक्त उलट्या बाजूने.

"अपूर्व, पुरे! शर्टाची बटणं बघ जरा," असं जो राजीव टिपणीस मुलाच्या ताटाकडे बघून म्हणायचा, तोच आता म्हणत होता, "अजून दोन घे! आणि वर तूप सोड!"

सतरा वर्षांचा अपूर्व, उंची सहा फूट तीन इंच, वजन एकशे सतरा किलो, दोन्ही वेळा निमूट मान हलवायचा. बिचाऱ्याला मुळात भूक किती आहे हे कुणी विचारलंच नव्हतं.

याचं मूळ होतं व्हॉट्सअ‍ॅपवर. कुठल्याशा सबर्बातल्या कुणाच्या तरी मुलाला निव्वळ अंगापिंडावर अमेरिकेतल्या कॉलेजने फुटबॉलसाठी उचललं, अशी बातमी मराठी मंडळातल्या संजीवने मंडळाच्या ग्रुपवर टाकली. फुटबॉल म्हणजे पायाचा नव्हे, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात तो. इथे त्याला ग्रिडायरन म्हणतात. राजीवने बातमी वाचली, मान वर केली आणि सोफ्यावर पसरलेला अपूर्व त्याला एकदम वेगळाच दिसायला लागला. मेडिकलला हा जाणार नाही हे त्याने कष्टाने पचवलं होतं. आता सांगायला काहीतरी मिळालं! दुसऱ्याच आठवड्यात पोरगा क्लबात दाखल. जागा कुठली? डिफेन्सिव्ह लाइन, म्हणजे बचावाची पहिली फळी, जिथे सगळ्यात धिप्पाड पोरं वाकून उभी राहतात आणि समोरच्या भिंतीला धडका देतात.

आणि अपूर्वला काय हवं होतं? मंडळी, ते त्याच्या मोज्यांच्या खणात होतं. तळाशी, चार घड्यांचा एक फॉर्म. सुट्टीत वर्क एक्स्पिरियन्सला तो कोस्टा नावाच्या इलेक्ट्रिशियनबरोबर त्याच्या व्हॅनमधून जायचा. कोस्टाने त्याला अ‍ॅप्रेंटिस म्हणून घ्यायची तयारी दाखवली होती. सोमवारी सकाळी सही केलेला फॉर्म मिळाला तर ठीक, नाहीतर दुसरा मुलगा तयार होता. अपूर्व अठराचा नसल्यामुळे सही लागत होती आईची किंवा बाबांची. आईला सांगितलं तर ती बाबांना सांगणार, आणि बाबांना सांगायचं म्हणजे... फॉर्म तीन आठवडे मोज्यांखालीच होता.

सोमवारच्या आधी आला शनिवार, आणि शनिवारी होता अमेरिकन कॉलेजांसाठी पोरं निवडायचा कॅम्प.

सकाळी अपूर्वची आई पद्मा शेंगदाण्याचं कूट करायला बसली तर लोखंडी खल जागेवर आणि बत्ता गायब. "राजीव, माझा बत्ता कुठाय?" तिने गराजकडे बघून हाक मारली. गाडी गेटाबाहेर पडलीसुद्धा होती.

बत्ता गाडीत होता. नेमकं सांगायचं तर अपूर्वच्या कमरेला, जर्सीच्या आत, पद्माच्याच जुन्या ओढणीने करकचून बांधलेला.

"बाबा, धिस इज चीटिंग," अपूर्व म्हणाला.

"चीटिंग कसलं! फळीतल्या मधल्या जागेला एकशे वीस किलो लागतात. तू संध्याकाळी जेवलास की तेवढा असतोसच. आपण फक्त जेवण आधी मोजतोय."

क्लेटनच्या मैदानावर तेवीस पोरं, कॅम्पच्या भाषेत प्रॉस्पेक्ट म्हणजे होतकरू, थंडीत कुडकुडत उभी होती आणि त्यांच्यासमोर हातात पाटी घेऊन उभ्या होत्या सुहासिनीताई राऊत. वय त्रेसष्ट, उंची जेमतेम पाच फूट. तरुणपणी महाराष्ट्राकडून कबड्डी खेळलेल्या, पुढे तीस वर्षं इथल्या युनित, म्हणजे विद्यापीठात, क्रीडाशास्त्र शिकवलेल्या. चढाई करणाऱ्याचे पाय वाचत त्यांची नजर इतकी तयार झाली होती, की अमेरिकेतले कोच लाइनची पोरं निवडायची तर आधी ताईंचा रिपोर्ट मागवत. त्यांना पाहून राजीव हरखलाच. आपला माणूस! मराठी माणूस! आता काय काळजी?

"नमस्कार ताई! आम्ही टिपणीस. मूळचे पुण्याचे," त्याने पुढे होऊन हसत सांगितलं.

"वा. रेघेच्या मागे उभे राहा," ताई म्हणाल्या.

वजनकाट्याने एकशे वीस दाखवलं. राजीवने मनातल्या मनात पेढे वाटले. पण बत्ता सोडायला सवडच मिळाली नाही, कारण पोरांना तिथूनच सरळ पहिल्या कसोटीला नेलं.

ही कसोटी साधी होती. एका काठीच्या टोकाला चेंडू. पोरांनी ओणवं व्हायचं आणि चेंडू हलला की झेप घ्यायची. पण शेजारी एक दांडगा कोच उभा राहून नाही नाही ते ओरडत होता, "रेडी! गो! हट! हट!" त्याच्या ओरडण्याला भुलून चेंडूआधी जो हलला तो ऑफसाइड, म्हणजे चूक. पोरं पटापट चुकत होती. अपूर्व दहाच्या दहा वेळा चेंडू हलेपर्यंत दगडासारखा थांबला.

थांबला नाही तो राजीव. कोच ओरडला की हाही ओरडायचा, "पळ अपूर्व! पळ!" आणि स्वतःच चुन्याची रेघ ओलांडून दोन पावलं आत. ताई त्याच्याकडे बघायच्या आणि पाटीवर काहीतरी लिहायच्या. चांगलंच लिहीत असणार, असं राजीवला वाटत होतं.

मग आली दहा यार्डांची धाव. दोन्ही टोकांना वेळ मोजणारं मशीन. अपूर्व सुटला... आणि पाचव्या यार्डाला ओढणी सुटली! बत्ता जर्सीतून निसटला, गवतावर धप्पकन आदळला, घरंगळत गेला आणि मशीनच्या तिकाटण्याला जाऊन धडकला. अपूर्व शेवटच्या खुणेवर पोचला आणि तिकाटणं कलंडलं. आकडे दिसले, दोन पूर्णांक एक दशांश, आणि मशीन बंद.

बावीस पोरं हसून गवतावर लोळली. ताईंनी शांतपणे बत्ता उचलला, हातात तोलला आणि प्रेक्षकांकडे वळून मराठीत विचारलं, "हा प्रॉस्पेक्ट कुणाचा?"

"ताई, ते... घरचं आहे," राजीव पुटपुटला.

अपूर्व मान खाली घालून लांबच्या बाकावर जाऊन बसला. अरेरे! एवढा मोठा पोरगा, पण त्या क्षणी त्याला कुठे लपावं कळेना. पुन्हा वजन झालं. एकशे सतरा.

इकडे मशीन काही सुरू होईना. दांडग्या कोचने त्याला चापट्या मारून पाहिल्या. "इट्स डेड, मेट," त्याने जाहीर केलं.

ते ऐकताच बाकावरचा अपूर्व उठला आणि धावला. असा धावला, की हसणारी पोरं गप्प झाली. सवयीने ताईंचं बोट गळ्यातल्या घड्याळावर गेलं. तो दहा यार्डांच्या पहिल्या खुणेवर आला तेव्हा त्यांनी बटण दाबलं, दुसऱ्या खुणेवर आला तेव्हा पुन्हा दाबलं. तोवर तो गुडघ्यांवर बसून बॅटरीच्या डब्यातली निसटलेली वायर शोधतही होता. दोन मिनिटांत दिवा लागला.

"नो वरीज," तो लाजून म्हणाला. आठ महिन्यांत राजीवने त्याचा चेहरा असा फुललेला पाहिला नव्हता.

कॅम्प संपल्यावर सॉसेज भाजायच्या टेबलापाशी राजीवने ताईंना गाठलं. "ताई, एवढं एक जरा सांभाळून घ्या. आपला मुलगा आहे."

"आपला आहे म्हणूनच खरं सांगते," ताई म्हणाल्या. "वजन खाऊन वाढवता येतं. हात कसे वापरायचे, कंबर किती खाली ठेवायची, ते मी वर्षभरात शिकवीन. पण चेंडू दुसरीकडे गेल्यावरही जो त्याच्यामागे धावतो, त्याला ती धाव कुणी शिकवलेली नसते. लाइनच्या पोरात मी पहिली तीच बघते. तुमच्या मुलात ती आहे. पण चेंडूसाठी नाही."

"मग कशासाठी?"

"मला काय विचारता? त्याला विचारा. विचारा म्हणजे थांबा. तुम्हाला थांबणं जरा जड जातं." त्यांनी बत्ता त्याच्या हातात ठेवला. "रिपोर्ट संध्याकाळी पाठवते."

संध्याकाळी राजीवने रिपोर्ट पद्माला मोठ्याने वाचून दाखवला. पहिलं पान अपूर्वचं. उंची उत्तम. हात लांब, पंजा बळकट. ओरडण्याला भुलत नाही, दहापैकी दहा. दहा यार्ड: सांगितलं म्हणून धावला तेव्हा दोन पूर्णांक एक सेकंद. बिघडलेल्या मशीनकडे आपण होऊन धावला तेव्हा एक पूर्णांक आठ, कॅम्पमधली सर्वांत जलद वेळ. शिफारस: फुटबॉलसाठी नाही.

दुसरं पान हाताने, मराठीत लिहिलेलं होतं. "प्रॉस्पेक्ट क्रमांक चोवीस. राजीव टिपणीस, वय अंदाजे पन्नास. पहिलं पाऊल अतिशय जलद. चेंडूकडे लक्ष नाही, कान सगळे ओरडणाऱ्याकडे. दहापैकी आठ वेळा ऑफसाइड. सुधारणेला वाव आहे. मुलाकडून शिकावं."

पद्मा इतकी हसली, की तिला खुर्ची धरावी लागली. राजीव हसला नाही. त्याला लाज वाटली, अगदी कानांच्या पाळ्या तापेपर्यंत. ओरडणारे सगळे त्याच्या डोळ्यांपुढून गेले. संजीव ओरडला म्हणून अबॅकस, ग्रुप ओरडला म्हणून मेडिकलचे क्लास, आणि परत संजीवच ओरडला म्हणून आज पोराच्या कमरेला बत्ता!

रविवारी सकाळी पद्माने त्याच्यासमोर खल, बत्ता आणि शेंगदाणे ठेवले. "काल माझं कूट राहिलं. आणि बोलावंसं वाटलं की कुटायचं."

राजीवने कुटलं. नाश्त्याला "काय रे, पुढे काय ठरवलंस" जिभेवर आलं, त्याने कुटलं. दुपारी आलं, कुटलं. संध्याकाळपर्यंत दोन बरण्या भरल्या आणि अपूर्व चार वेळा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येऊन परत गेला. पाचव्यांदा तो आत आला. हातात चार घड्यांचा कागद.

"बाबा, प्लीज डोंट शाऊट."

राजीवने कागद उलगडला. इलेक्ट्रिशियन. अरे देवा! सगळं एकदम ओठांवर आलं. आपल्यात कुणी असलं केलंय का? मंडळात काय सांगू? टिपणीसांचा मुलगा वायरी ओढणार? त्याने बत्ता घट्ट धरला. समोर अपूर्व उभा होता, श्वास रोखून, काल चेंडूसमोर उभा होता तसाच.

"कोस्टाची व्हॅन किती वाजता येते?" राजीवने विचारलं.

"सिक्स," अपूर्व म्हणाला, आणि मग त्याचा आवाज फुटला. "सकाळी सहाला, बाबा." आठ महिन्यांत तो पहिल्यांदा आपण होऊन मराठीत बोलत होता. बोलत सुटला. कोस्टाबद्दल, जुन्या घरांच्या वायरिंगबद्दल, दिवा लागतो तेव्हा कसं वाटतं त्याबद्दल. राजीव मध्ये एकदाही बोलला नाही. सगळं ऐकल्यावर त्याने सही केली, शेंगदाण्याचं कूट लागलेल्या बोटांनी, आणि म्हणाला, "माझं चुकलं रे."

मंडळी, आपण सगळी शहाणी माणसं. शिकलेली, परदेशात येऊन स्थिरावलेली. पण कुणीतरी ओरडलं की आपण रेघ ओलांडतो, आणि आपल्याला कमी दर्जाच्या वाटणाऱ्या कामात पोराला पडू देत नाही. कुठलंही प्रामाणिक काम कमी दर्जाचं नसतं, आणि मुलाचं आयुष्य हा त्याचा चेंडू आहे. तो त्याने हलवेपर्यंत थांबा. मग हवं तेवढं धावा त्याच्याबरोबर!

सोमवारी सहाला व्हॅन आली. अपूर्व डबा घेऊन पळत सुटला. तेवढ्यात राजीवचा फोन वाजला. संजीवचा मेसेज होता: "अरे, कॅम्पचं काय झालं? झालं का सिलेक्शन?"

राजीवने वळणावर व्हॅन दिसेनाशी होईपर्यंत वाट पाहिली. मग उत्तर लिहिलं: "झालं. इलेक्ट्रिशियन झालाय. तुझ्या घरचा तो लुकलुकणारा दिवा अजून तसाच आहे ना?"