लूर्दस तिताची हंडी

मित्रांनो, आधी एक विनंती. मला कुंडी म्हणू नका. सांता क्लारातल्या या पॅटिओवर माझ्यात तुळस लावलेली तुम्हांला दिसते खरी, पण मी जन्मानं स्वयंपाकाची हंडी आहे. मातीची, काळी पडलेली आणि आता बरीच जुनी.

फिलिपीन्समधल्या एका कुंभारानं मला थापटून घडवलं. तिकडे मला पालायोक म्हणतात. लूर्दस नावाची नर्स अमेरिकेला निघाली तेव्हा तिनं मला टॉवेलात गुंडाळून विमानात मांडीवर घेतलं. सामानात टाकायचा तिला धीर झाला नाही. इथे आल्यावर तिनं आधी माझ्यात तांदळाचं धुवण उकळलं आणि मगच मला कामाला लावलं. तिच्या अदोबोत, म्हणजे तिकडच्या आंबटसर रश्शात, कोंबडी, सोया सॉस, भरपूर लसूण, मिरे, तमालपत्र आणि व्हिनेगर असायचं. व्हिनेगर पडलं की उकळी फुटेपर्यंत आत डाव घालायचा नाही, हा तिचा कायदा होता. घाई केली की आंबटपणा कच्चा राहतो. ही चव या हंडीशिवाय येत नाही, असं ती पाहुण्यांना सांगायची तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

पुढे शेजारच्या घरात रत्ना आणि शशिकांत राहायला आले. दोघंही पुण्याचे, सॉफ्टवेअरमधले. रत्नाला मुलगी झाली, निधी. बाळंतपणाला रत्नाची आई येणार होती, पण तिला व्हिसाच मिळाला नाही. भिंतीपलीकडून बाळाचं रडणं यायचं आणि त्यात आईचंही मिसळलेलं असायचं. लूर्दसनं ते ऐकलं आणि माझ्यात तिनोला शिजवला. तिनोला म्हणजे आलं घातलेलं कोंबडीचं पातळ कालवण, वरून शेवग्याचा पाला. तिच्या देशात बाळंतिणीला हेच देतात.

"खा, अनाक," ती रत्नाला म्हणाली. एरवी ती इंग्रजीत बोलायची, पण लेकराला तिच्या भाषेत अनाकच म्हणतात.

"तिता, शेवगा तर आमच्याकडेही चालतो," रत्ना डोळे पुसत म्हणाली. तिता म्हणजे मावशी. रत्नानं वाडगा पुसून खाल्ला. लूर्दस रोज येत राहिली आणि रत्ना उठून हिंडूफिरू लागली.

लूर्दसचे सांधे दुखायला लागले, मी तिला उचलवेनाशी झाले, तेव्हा तिनं मला रत्नाच्या हाती दिलं. "ठेव तुझ्याकडे. पण ख्रिसमसला आपण दोघींनी हिच्यातच अदोबो करायचा."

"प्रॉमिस, तिता."

रत्नानं मला जपलं, खोटं कशाला बोलू? शशिकांत तर बोटं चाटून जेवायचा. मग पुण्याहून सासूबाई, संध्याबाई, राहायला येणार असं ठरलं. त्यांच्या समजुतीप्रमाणे घराण्यात कुणी अंड्यालाही हात लावलेला नाही.

"आईंना वास येईल यार," रत्ना म्हणाली. "आणि फेकून दिली तर तिता विचारतील."

"मग प्लांटर करू ना. तुळस लावली की आई काही बोलायचीच नाही," शशिकांत म्हणाला. " ड्रिल आहे गॅरेजमध्ये."

मला वाटलं, रत्ना नाही म्हणेल. तिनं मला उलटं केलं आणि हलू नये म्हणून दोन्ही हातांनी घट्ट धरलं. भोक पडताना मला दुखलं ते त्या हातांमुळे. बाळंतपणात माझ्यातलं खाऊनच त्या हातांत बळ आलं होतं.

संध्याबाई मनानं चांगल्या. रोज तुळशीला पाणी घालतात. एकदा त्यांनी पॅटिओवरच सुनेला विचारलं, "बाळंतपणात तुझं कुणी केलं गं?"

"डबा लावला होता, आई."

मी तिथेच होते. मला बोलता येत नाही म्हणून सुटली ती.

गेल्या आठवड्यात लूर्दस आली. ती आता मुलीकडे नेवाडाला कायमची चालली आहे. जाण्याआधी एकदा माझ्यात अदोबो करायचा, म्हणून मला न्यायला आली होती. रत्ना तिला घरात न नेता बाजूच्या फाटकानं पॅटिओवर घेऊन आली.

"सॉरी तिता, तिला तडा गेला. म्हणून मग तुळस लावली."

लूर्दस खाली बसली. तिनं मला जरासं कलतं केलं आणि बुडाखाली हात घातला. बोट भोकाच्या कडेवरून पूर्ण फिरलं.

"तडा इतका गोल जातो का, अनाक?"

तेवढ्यात दारातून संध्याबाईंनी विचारलं, "कोण आलंय गं?"

"कुणी नाही, आई. शेजारच्या आहेत, कुंडी बघतायत."

लूर्दसला मराठी येत नाही. पण ती रत्नाच्या तोंडाकडे बघत होती, आणि तेवढं तिला पुरलं. तिनं माझ्यावरून हात फिरवला आणि ती निघून गेली.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना जपून वापरा, एवढं तर सगळेच सांगतात. मी म्हणते, हातून पडून फुटलो तर खुशाल टाकून द्या, आमची तक्रार नाही. पण जिच्या हातचं खाऊन उभे राहिलात, तिला चारचौघांत ओळख द्या.

आजही सकाळी संध्याबाईंनी पाणी घातलं. जुन्या सवयीनं मला वाटलं, धरून ठेवावं. ते खालून निघून गेलं.